सेमिनरींतील नीतिशास्त्राचा उच्च अभ्यास

शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे प्रत्येक घरांत एकच प्रश्न वारंवार निघूं लागतो : पुढें काय ? कोणी वैद्यकाचें नांव घेतो, कोणी यंत्रविद्येचें, कोणी कायद्याचें, तर कोणी बँकेंतील नोकरीचें. या मार्गांची माहिती सांगणारे शेजारी व आप्त घरोघरीं असतात. परंतु एखाद्या मुलानें अगर मुलीनें ‘मला सेमिनरींत जाऊन ख्रिस्ती नीतिशास्त्राचा अभ्यास करावयाचा आहे’ असें म्हटलें, तर ऐकणारे क्षणभर गप्पच राहतात. हा विषय काय आहे, तो कोठें शिकवितात, त्यास किती वर्षें लागतात, आणि शिकून झाल्यावर मनुष्य करतो काय, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. ‘चोरी करूं नये, खोटें बोलूं नये, हें आम्हांस तिसऱ्या इयत्तेंतच शिकविलें, त्याकरितां आणखी सात-आठ वर्षें कशास हवींत?’ अशीहि शंका कित्येकांच्या मनांत येते. त्या शंकेचें यथामति निरसन करावें, आणि या अभ्यासाचें खरें स्वरूप आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तरहि सरळ आहे. नियम ठाऊक असणें निराळें, आणि दोन नियम एकमेकांच्या आड आले असतां कोणता पुढें करावा हें ओळखणें निराळें. नीतींतील बिकट प्रसंग हे चांगलें व वाईट यांच्या लढाईचे क्वचितच असतात; बहुधा ते दोन चांगल्या गोष्टींच्या ओढाताणीचे असतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील एक परिचारिका इ. स. १९७३ मध्यें झालेल्या हल्ल्यांत मेंदूस इजा होऊन भान हरपून बसली, आणि २०१५ मध्यें मृत्यु येईपर्यंत एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयांत अंथरुणास खिळून राहिली. तिला या अवस्थेंतून सोडवावें अशी विनंती सर्वोच्च न्यायालयापुढें गेली, तेव्हां तिची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनीं त्या विनंतीस कसून विरोध केला. विनंती करणाऱ्यांच्या मनांत दया होती. विरोध करणाऱ्यांच्या मनांतहि दयाच होती. न्यायालयानें ७ मार्च २०११ रोजीं ती विनंती अमान्य केली. मात्र कडक अटींखालीं कृत्रिम जीवनाधार काढून घेण्यास कायद्यांत वाट करून दिली.

असे प्रश्न आतां केवळ न्यायालयांतच येतात असें नाहीं. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर उभें असलेलें कुटुंब आपल्या पाळकास किंवा फादरांस विचारतें, ‘आम्हीं नळ्या काढावयास सांगितल्या, तर तें पाप होईल काय ?’ येथें तिसऱ्या इयत्तेंतील धडा अपुरा पडतो. उत्तर देणाऱ्यास वैद्यकाची तोंडओळख हवी, कायद्याची माहिती हवी, शास्त्रवचनाचें मर्म हवें, आणि समोरच्या माणसाच्या दुःखाची जाणीवहि हवी. अविचारानें दिलेलें एक उत्तर त्या कुटुंबास आयुष्यभर अपराधाचें ओझें वाहावयास लावूं शकतें. असें उत्तर विचारपूर्वक देतां यावें यासाठींच नीतिशास्त्राचा उच्च अभ्यास आहे.

‘नीति’ हा शब्द ‘नी’ म्हणजे ‘नेणें’ या धातूपासून झाला आहे. मनुष्यास योग्य दिशेकडे नेते ती नीति, आणि ती दिशा कशी ठरवावी याचा पद्धतशीर विचार करतें तें नीतिशास्त्र. तत्त्वज्ञांनीं या शास्त्रांत मुख्यतः तीन वाटा पाडल्या आहेत. जर्मन तत्त्वज्ञ कांट विचारतो, ‘तुझें कर्तव्य कोणतें ?’ इंग्रज तत्त्वज्ञ मिल्ल विचारतो, ‘तुझ्या कृतीचा परिणाम काय होईल ?’ आणि त्या दोघांच्याहि कितीतरी शतकें आधीं होऊन गेलेला ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल विचारतो, ‘हें करतां करतां तूं कोणत्या शीलाचा मनुष्य होत आहेस ?’ मराठी वाचकांस ही चर्चा अगदींच अपरिचित नाहीं. लोकमान्य टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेल्या आणि १९१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यांत पाश्चात्य नीतिपंडितांच्या मतांचा विस्तृत परामर्श घेतला आहे. वामन मल्हार जोशी यांनीं ‘नीतिशास्त्रप्रवेश’ लिहून हा विषय मराठींत सुगम केला आहे. सेमिनरींत जाऊं इच्छिणाऱ्या महाराष्ट्रीय विद्यार्थ्यानें हे दोन्ही ग्रंथ अवश्य वाचावे.

ख्रिस्ती नीतिशास्त्र हे तिन्ही प्रश्न स्वीकारतें. परंतु त्यांच्या आधीं तें एक गोष्ट मांडतें. देवानें मनुष्यावर प्रथम प्रीति केली, आणि मनुष्याचें सदाचरण हें त्या प्रीतीला दिलेलें उत्तर आहे, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. म्हणून येथें सदाचरण हें पुण्य साठविण्याचें साधन नसून कृतज्ञतेचें फळ ठरतें. या शास्त्राचा विद्यार्थी कोणत्याहि प्रश्नावर चार दिव्यांचा उजेड पाडून पाहतो : पवित्र शास्त्र, मंडळीची परंपरा, विवेकबुद्धि आणि प्रत्यक्ष अनुभव. यांतील एकच दिवा हातीं घेऊन चालणारा बहुधा ठेंचाळतो. शास्त्रवचनें तोंडपाठ असलेला मनुष्य कठोर होऊं शकतो. केवळ अनुभवावर विसंबणारा स्वतःच्या सोयीस धर्म समजूं लागतो.

हें सारें कोरडें वाटूं नये म्हणून आपल्या नाशकांतीलच एक उदाहरण घेऊन ही पद्धत कशी चालते तें पाहूं. शरणपूर रस्त्यानें आपण नित्य जातों येतों. पण त्या नांवाचा इतिहास फार थोड्यांस ठाऊक असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीनें येथें शरणपूर, म्हणजे आश्रय मागणाऱ्यांचें गांव, वसविलें. त्या काळीं पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मुलांमाणसांस धरून गलबतांतून अरबस्तानाकडे विकावयास नेत असत. इंग्रजी आरमाराचीं जहाजें अशीं गलबतें पकडीत आणि त्यांतील गुलामांस मुक्त करीत. मुक्त झालेल्यांपैकीं कांहीं मुलें मुंबईस उतरविलीं जात. त्यांचीं गांवें कोठें होतीं, आईबाप जिवंत होते कीं नाहीं, हें कोणास सांगतां येत नसे. सरकारनें त्यांतील बरींच मुलें शरणपुरास मिशनच्या हवालीं केलीं. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखालीं तीं तेथें लिहावयास वाचावयास शिकलीं. सुतारकी, लोहारकी असे धंदेहि शिकलीं. आणि ख्रिस्ती झालीं.

या मुलांचें पुढें काय झालें ? सुप्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनीं १८६६ मध्यें आपल्या शेवटच्या सफरीवर जातांना नाशकाचीं नऊ मुलें बरोबर नेलीं. त्यांच्या मदतीसाठीं १८७२ मध्यें आणखी मंडळी गेली, तींत शरणपुरांत शिकलेला जेकब वेनराइट होता. १८७३ मध्यें लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागांत मरण पावले, तेव्हां त्यांचें हृदय तेथेंच एका झाडाखालीं पुरण्यांत आलें. त्या वेळीं प्रेतसंस्काराची प्रार्थना वाचली ती या जेकबनें. नंतर त्याच्या सोबत्यांनीं तो देह शेंकडों मैल वाहून समुद्रकिनाऱ्यास आणला. आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत अंत्यविधि झाला, तेव्हां शवपेटीचे मानकरी म्हणून जे चालले, त्यांत जेकब वेनराइटहि होता. पुढें प्राइससाहेबांनीं १८७५ मध्यें मोंबासाजवळ फ्रिअरटाउन नांवाची वसाहत मुक्त गुलामांकरितां स्थापिली, तेव्हां नाशकांतील कित्येक आफ्रिकन तरुण तेथें गेले. त्यांच्यापैकीं विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांस १८८५ मध्यें बिशप हॅनिंग्टन यांनीं डीकनपदाची दीक्षा दिली.

ही हकीकत ऐकून मन भरून येतें, आणि तें योग्यच आहे. परंतु नीतिशास्त्राच्या वर्गांत शिक्षक येथें थांबत नाहींत. ते फळ्यावर एकच प्रश्न लिहितात : जीव वाचविणाऱ्यास वाचलेल्याच्या जीवनावर किती अधिकार पोंचतो ? मुलांस नवीं इंग्रजी नांवें मिळालीं. तीं त्यांनीं मागितलीं होतीं काय? त्यांस धर्म मिळाला. निरुपायानें आश्रयास आलेल्या बालकास ‘नको’ म्हणण्याची मोकळीक कितपत असते? त्यांस परत आफ्रिकेंत पाठविलें. पण ज्या मुलास नाशिकच घर वाटूं लागलें होतें, त्याचें घर कोणतें? हे प्रश्न कोणाची निंदा करण्यासाठीं विचारलेले नसतात. चांगल्या हेतूनें चांगलें काम करणाऱ्या माणसासहि ते स्वतःस विचारतां यावेत, म्हणून ते विचारावयाचे.

आतां एकेक दिवा जवळ आणूं. पवित्र शास्त्र उघडलें तर अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायांत अशा अर्थाची आज्ञा सांपडते कीं, पळून आलेल्या दासास त्याच्या धन्याच्या हवालीं करूं नये, आणि त्यास जें ठिकाण आवडेल तेथें राहूं द्यावें. म्हणजे आश्रय देणें पुरेसें नाहीं. निवडीचें स्वातंत्र्यहि दिलें पाहिजे. चांगल्या शमरोन्याच्या दृष्टान्तांत तो प्रवासी जखमी माणसाच्या जखमा बांधतो, त्यास उतारशाळेंत नेतो, खर्चाचे पैसे देतो. पण त्यास आपल्या पंथांत ओढीत नाहीं कीं आपला चाकर करीत नाहीं. फिलेमोनास लिहिलेल्या लहानशा पत्रांत पौल अनेसिम नांवाच्या दासासंबंधीं आज्ञा करूं शकला असता. तो आज्ञेऐवजीं प्रीतीची विनंती करतो. अधिकार असूनहि तो न वापरणें हा येथला धडा आहे.

परंपरेचा दिवा अधिक अस्वस्थ करणारा आहे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटांत वर्षानुवर्षें झगडून १८०७ मध्यें तो बंद करविणारा विल्बरफोर्स ख्रिस्तीच होता. पण गुलामगिरीचें समर्थन करण्याकरितां शास्त्रवचनें पुढें करणारे व्यापारी आणि मळेवालेहि स्वतःस ख्रिस्तीच म्हणवीत होते. दोन्ही पक्षांच्या हातीं पुस्तक तेंच होतें. यावरून विद्यार्थ्यास कळतें कीं वचन उद्धृत करणें म्हणजे विचार करणें नव्हे. वचन कोणत्या प्रसंगीं, कोणास उद्देशून, कोणाच्या हितासाठीं लिहिलें गेलें हें शोधावें लागतें.

विवेकबुद्धि येथें कर्तव्य, परिणाम आणि शील हे तिन्ही प्रश्न विचारते. मुलांस वाचविणें हें कर्तव्य होतें याबद्दल वाद नाहीं. परिणाम पाहिले तर विद्या, धंदा आणि कित्येकांस मानाचें स्थान मिळालें. परंतु तिसऱ्या प्रश्नापाशीं थबकावें लागतें : दान देतां देतां देणाऱ्याच्या मनांत स्वामित्वाची भावना तर वाढत नाहीं ना ? आणि शेवटचा दिवा अनुभवाचा. त्यासाठीं वाचलेल्यांचे स्वतःचे शब्द हवेत. जेकब वेनराइटनें रोजनिशी ठेविली, म्हणून त्याचें मन थोडेंफार तरी कळतें. बहुतेकांचें मनोगत मात्र आपणांस दुसऱ्यांच्याच लेखणींतून कळतें. ज्यांच्याविषयीं निर्णय घेतला जातो त्यांचा आवाज नोंदला गेला नसेल, तर निर्णय देणाऱ्यानें आपली खात्री तेवढी कमी करावी, हा नम्रपणाचा नियम विद्यार्थी येथें शिकतो.

हा एकच धागा धरून महाराष्ट्राच्या इतिहासांत पुष्कळ पुढें जातां येतें. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळांत मिशनऱ्यांनीं दक्षिणेंतील उपाशी लोकांस अन्न दिलें, आणि त्याच सुमारास कित्येक गांवांतून लोक बाप्तिस्मा मागूं लागले. पोटांतील भूक आणि आत्म्याची भूक यांतील भेद कसा ओळखावा ? पंडिता रमाबाईंनीं १८८९ मध्यें मुंबईस शारदासदन उघडलें आणि पुढें तें पुण्यास नेलें. तेथील कांहीं मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊं लागला, तेव्हां न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं १८९३ मध्यें संस्थेशीं संबंध सोडला. सल्लागारांच्या मतें पालकांस दिलेला विश्वास मोडत होता. रमाबाईंच्या मतें स्वतःच्या श्रद्धेप्रमाणें उघडपणें वागण्याचा हक्क त्यांसहि होता व मुलींसहि होता. दोन्ही बाजूंस थोर माणसें होतीं. असा प्रसंग घेऊन विद्यार्थ्यानें दोन्ही पक्षांचें म्हणणें, त्या त्या पक्षास मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणानें, लिहून दाखवावयाचें असतें. आणि मगच आपला निर्णय द्यावयाचा असतो. वसतिगृहें, दवाखाने, शिष्यवृत्त्या चालविणाऱ्या आजच्या प्रत्येक संस्थेस, ती कोणत्याहि धर्माची असो, हा प्रश्न लागू आहे.

आतां हा अभ्यास कोठें व कसा होतो तें सांगतों. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या बहुतेक सेमिनऱ्या सेरामपूरच्या सिनेटशीं संलग्न आहेत. हें सेरामपूर बंगाल्यांतील होय. आपलें गोदाकांठच्या जिल्ह्यांतील श्रीरामपूर नव्हे. तेथील कॉलेज केरी, मार्शमन व वॉर्ड यांनीं १८१८ मध्यें स्थापिलें, आणि १८२७ मध्यें डेन्मार्कच्या राजाच्या सनदेनें त्यास पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. प्रथम बी. डी. म्हणजे ईश्वरविज्ञानाची पदवी घ्यावी लागते. तींत जुना व नवा करार, मंडळीचा इतिहास, इतर धर्मांचा परिचय, पाळकीय सेवा आणि नीतिशास्त्र असे सर्वच विषय असतात. त्यानंतर दोन वर्षांचा एम. टीएच. हा उच्च अभ्यासक्रम असून त्यांत विद्यार्थी एकच शाखा निवडतो. ख्रिस्ती नीतिशास्त्र ही त्यांपैकीं एक शाखा होय. सर्व शाखा सर्व ठिकाणीं नसतात, म्हणून आधीं चौकशी करावी. पुण्यांत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती पूर्वीं यवतमाळ येथें होती आणि १९८३ मध्यें पुण्यास आली. बंगळूरचें युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० पासून चालूं आहे.

कॅथॉलिक पंथांत या विषयास नैतिक ईश्वरविज्ञान म्हणतात. धर्मगुरु होऊं इच्छिणारा विद्यार्थी आधीं तत्त्वज्ञान शिकतो, नंतर ईश्वरविज्ञान. पहिल्या टप्प्यासाठीं नाशिक सोडावयासहि नको : सेल्शियन संघाची ‘दिव्यदान’ ही तत्त्वज्ञानाची संस्था आपल्याच शहरांत आहे. पुण्याची पेपल सेमिनरी पोप तेरावे लिओ यांनीं १८९३ मध्यें सिलोनांत कँडी येथें स्थापिली होती. ती १९५५ मध्यें पुण्यास आली, आणि तेथील विद्यार्थी ज्ञानदीप विद्यापीठांत शिकतात. ईश्वरविज्ञानाच्या पहिल्या पदवीनंतर दोन वर्षांचा लायसेन्शिएट आणि त्यानंतर डॉक्टरेट असा क्रम आहे. रोम येथें १९४९ मध्यें स्थापन झालेली अल्फोन्सियन अकॅडमी तर खास नैतिक ईश्वरविज्ञानासाठींच आहे. हा अभ्यास केवळ भावी धर्मगुरूंनींच करावा असें नाहीं. सिस्टर्स आणि प्रापंचिक स्त्रीपुरुषहि तो करतात.

उच्च वर्गांतील दिवस कसा जातो ? व्याख्यानें थोडीं आणि वाचन फार. विद्यार्थ्यानें एखादा निबंध तयार करून सहाध्यायांपुढें वाचावयाचा, आणि त्यांनीं त्याच्या प्रत्येक विधानाची चिकित्सा करावयाची, अशी रीत आहे. ऑगस्टिन, टॉमस अक्वायनस, लूथर यांच्यापासून अलीकडील लेखकांपर्यंत ग्रंथ वाचावे लागतात. नव्या कराराच्या ग्रीक भाषेचा परिचय असल्यास फार उपयोग होतो. शेवटीं एका प्रश्नावर प्रबंध लिहावयाचा असतो. प्रश्न जितका जवळचा, तितका प्रबंध मोलाचा. द्राक्षमळ्यांतील मजुरांस मिळणारी मजुरी, गोदावरीचें पाणी कोणीं किती वापरावें, मंडळींतील जातिभेद, लग्नांतील देणेंघेणें, यंत्राच्या बुद्धीनें लिहिलेला निबंध स्वतःचा म्हणून देणें, हे सारे नीतिशास्त्राचेच विषय होत.

येथें भाषेसंबंधीं दोन शब्द लिहिणें अवश्य वाटतें. हा अभ्यास बहुतांशीं इंग्रजींत होतो. परंतु त्याचा उपयोग मराठी माणसांत करावयाचा असतो. इंग्रजींत ज्यास ‘कॉन्शन्स’ म्हणतात त्यास मराठींत ‘सदसद्विवेकबुद्धि’ असा शब्द आहे. लांबलचक खरा, पण त्यांत सत् आणि असत् यांचा निवाडा करणारी बुद्धि ही व्याख्याच सामावली आहे. उलट ग्रीक ‘अगापे’ या शब्दासाठीं ‘प्रीति’, ‘प्रेम’, ‘ममता’, ‘करुणा’ यांपैकीं कोणता योजावा याचा विचार करतां करतांच विषयाचें मर्म उलगडतें. फादर स्टीफन्स यांनीं १६१६ मध्यें मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केलें, आणि केरीसाहेबांनीं १८०५ मध्यें मराठी व्याकरण छापिलें. परदेशांतून आलेल्या या विद्वानांनीं जे श्रम केले, ते मराठीच्या लेंकरांनीं टाळावे हें बरें नव्हे. जो आपल्या प्रबंधाचें सार मंडळींतील एखाद्या वृद्ध आजीबाईस तिच्या बोलींत समजावून देऊं शकत नाहीं, त्याचा अभ्यास अर्धाच झाला असें समजावें.

आणि अर्धा अभ्यास हा या विषयांत धोक्याचा आहे, कारण नीतिशास्त्राची खरी परीक्षा परीक्षागृहाबाहेर होते. अमेरिकेंतील मार्टिन ल्यूथर किंग यांनीं १९५१ मध्यें क्रोझर सेमिनरींतून पदवी घेतली आणि १९५५ मध्यें बोस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. सेमिनरींत त्यांनीं गांधीजींच्या विचारांचें वाचन केलें होतें. डॉक्टरेटच्याच वर्षीं माँटगोमेरी शहरांत बसगाड्यांतील वर्णभेदाविरुद्ध बहिष्कार सुरू झाला व तो ३८१ दिवस चालला. त्या वेळीं पुस्तकांतील विचार त्यांस रस्त्यावर जगून दाखवावा लागला. जर्मनीचे डीट्रिच बॉनहॉफर हे ईश्वरविज्ञानाचे गाढे पंडित. हिटलरच्या सत्तेस विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजीं त्यांस फांशी देण्यांत आलें. नीतिशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ अपुराच राहिला, आणि त्यांच्या पश्चात् १९४९ मध्यें प्रसिद्ध झाला.

आपल्या महाराष्ट्रांतहि अशीं उदाहरणें आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें शिक्षण नाशकांत झालें, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या नाशकाजवळच्या जलालपूरच्या. १८९३ मध्यें आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन जिंकलें, आणि १८९५ मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्यांस ओढून नेणारी गोष्ट चमत्कार नव्हती, नीति होती. पुढें अहमदनगरच्या सेमिनरींत त्यांनीं अध्यापनहि केलें. अगदीं अलीकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनीं ‘हरित वसई’ चळवळींत पुढाकार घेऊन जमीन, पाणी व झाडें यांच्या रक्षणासाठीं आवाज उठविला; तेच २०२० मध्यें उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. निसर्गाची निगा हाहि शेजारधर्माचाच भाग आहे, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें.

पालकांच्या मनांत एक प्रश्न उरतो : यांतून उपजीविका काय ? याचें उत्तर प्रामाणिकपणें द्यावयास हवें. या मार्गानें संपत्ति मिळत नाहीं. पाळक, धर्मगुरु, सेमिनरींतील अध्यापक, रुग्णालयाच्या नीतिसमितीचा सभासद, सामाजिक संस्थेचा कार्यकर्ता, संपादक, अशीं कामें करणारीं माणसें साधेपणानें राहतात. म्हणून मुलानें म्हटलें कीं लगेच पाठवूं नये, आणि म्हटलें कीं लगेच मोडताहि घालूं नये. आधीं एखादी साधी पदवी पुरी करूं द्यावी. विज्ञान, कायदा, अर्थशास्त्र यांपैकीं कोणताहि विषय पुढें उपयोगीच पडतो. सुट्टींत दवाखान्यांत, अनाथगृहांत किंवा वृद्धाश्रमांत कांहीं दिवस काम करूं द्यावें. तेथील माणसांचें म्हणणें शांतपणें ऐकून घेण्याची आवड त्यास असेल, तर हा मार्ग त्याचा आहे. केवळ दुसऱ्यास उपदेश करण्याची हौस असेल, तर त्यास कांहीं काळ थांबवावें.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं सेमिनरींत जाणारे फार थोडे असतील. परंतु नीतीच्या प्रश्नांतून सुटका कोणाचीच नाहीं. तुम्ही डॉक्टर व्हा, कारखानदार व्हा, शेतकरी व्हा. एक ना एक दिवस दुसऱ्याचें बरेंवाईट तुमच्या हातीं येईल. त्या वेळीं चार गोष्टी करा : शास्त्र काय म्हणतें तें पाहा, पूर्वजांनीं काय केलें व कोठें चूक केली तें पाहा, बुद्धीनें विचार करा, आणि ज्याच्यासंबंधीं निर्णय घ्यावयाचा त्यास आधीं विचारा. या चारांतील चौथी गोष्ट सर्वांत सोपी दिसते आणि तीच सर्वांत अधिक विसरली जाते. ती न विसरणें हेंच या साऱ्या अभ्यासाचें सार आहे. आणि तेवढें ज्यास साधलें, त्याच्या हातून झालेलें उपकाराचें काम घेणाऱ्यास कधीं ओझें वाटणार नाहीं.